उण्याचं गणगोत: ‘वॉन्ट’पासून पावणेनऊच्या लोकलपर्यंत

सकाळची डोंबिवली. जिना उतरता उतरता एक काकू ओळखीच्या मुलीला विचारतात, “पावणेनऊची गेली का गं?” मुलगी म्हणते, “गेली काकू, आता एकोणपन्नासची.” तेवढ्यात काकूंच्या मोबाइलवर सोसायटीचा निरोप येतो: उद्या पाण्याचं शॉर्टेज आहे, भरून ठेवा.

तीन वाक्यं आणि तिन्हींत काहीतरी कमी आहे. तिसऱ्यातलं कमीपण उघड दिसतं. पहिल्या दोन वाक्यांतलं शब्दांच्या पोटात दडलंय, आणि त्याची एक दूरची बहीण इंग्रजीत ‘वॉन्ट’ या नावाने नांदते आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत रोज तोंडी असलेल्या ‘कमी’च्या शब्दांची ही कुळकथा. एकेक शब्द उचलू या.

‘वॉन्ट’ म्हणजे ‘हवं’ नव्हतंच

शाळेत आपण शिकलो, वॉन्ट म्हणजे हवं असणं. पण हा अर्थ मागाहूनचा. जहाजांतून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत ‘वांता’ म्हणजे कमी असणं, नसणं. ते लोक इंग्लंडात स्थायिक झाले, त्यांचा शब्द तिथल्या बोलीत मुरला आणि इसवी सन १२०० च्या आसपास इंग्रजीत लिहिला जाऊ लागला. तेव्हा त्याचा अर्थ एकच होता: उणीव. ‘त्याला कोट वॉन्ट आहे’ याचा अर्थ त्याच्याकडे कोट नाही. कोटाची इच्छा आहे की नाही, याची वाच्यताही त्यात नव्हती.

मग इच्छा आली कुठून?

ज्याच्याकडे कोट नाही त्याला थंडीत कोटाची गरज पडते, आणि गरज पडली की तो हवासा वाटतो. ‘नाही’पासून ‘लागतो’ आणि ‘लागतो’पासून ‘हवा’ अशा तीन पायऱ्या चढायला शब्दाला काही शतकं लागली. ‘इच्छा असणे’ हा अर्थ इंग्रजीत ठळक दिसतो तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून. आज तोच मुख्य अर्थ झालाय आणि मूळचा ‘उणीव’ हा अर्थ कोपऱ्यात जाऊन बसलाय.

मराठीतली बहीण: उणे

आता खरी गंमत. भाषाशास्त्रज्ञांनी आद्य इंडो-युरोपीय भाषेतलं एक धातुरूप मांडलं आहे, ‘सोडून जाणे, रिकामे होणे’ अशा अर्थाचं. त्याची एक फांदी उत्तर युरोपात गेली. तिथे ‘वॉन्ट’ झाला आणि चंद्र कलेकलेने घटतो त्यासाठीचा ‘वेन’ही झाला. दुसरी फांदी संस्कृतात आली आणि तिथे ‘ऊन’ झाली. हे ऊन म्हणजे सूर्याचं ऊन नव्हे. संस्कृतात ‘ऊन’ म्हणजे कमी असलेला. त्याचंच मराठी रूप ‘उणे’.

उणीव, उणेदुणे, उणापुरा, न्यून, न्यूनगंड ही सगळी त्याच घरची मंडळी. म्हणजे लंडनमधला माणूस ‘आय वॉन्ट’ म्हणतो आणि कल्याणची आजी ‘माझ्या नातवात काही उणं नाही’ म्हणते, तेव्हा दोघं हजारो वर्षांपूर्वीचा एकच धागा ओढत असतात. फक्त एकाने त्या धाग्याची हौस केली आणि दुसरीने त्याचा मूळ अर्थ सांभाळला.

पावणेनऊत उणं कुठे आहे?

‘पाऊण’ची फोड करा: पाद अधिक ऊन, पादोन. पाद म्हणजे चौथा भाग, पाव. पाव उणा तो पाऊण. म्हणून पावणेनऊ म्हणजे नवाला पाव तास उणा. पाऊण किलो म्हणजे किलोला पाव उणा, आणि पाऊणशे म्हणजे शंभराला पाव उणे, पंच्याहत्तर.

फडके रोडवर फुलवाल्याकडे कुणी पाऊण किलो झेंडू मागतं, तेव्हा त्या फुलांसोबत ‘वॉन्ट’ची बहीणही तागडीत बसते.

एकोणपन्नासची फास्ट

‘एकोण’ म्हणजे एक अधिक ऊन, एकाने कमी. एकोणीस म्हणजे विसाला एक उणा, एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक उणा. मराठीत १९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९ आणि ८९ अशा आठ आकड्यांत हे ‘उणे’ बसलंय. फक्त ९९ ला आपण नव्याण्णव म्हणतो. हिंदीने हीच रीत उन्नीस, उनतीस अशी ठेवली, पण ७९ पर्यंतच. ८९ ला हिंदीत नवासी होतं. मराठी एक पाऊल पुढे जाऊन एकोणनव्वद म्हणते.

अशी उलटी मोजणी एकट्या भारताची नाही. जुन्या लॅटिनमध्ये एकोणिसाला ‘विसातून एक’ आणि अठराला ‘विसातून दोन’ असंच म्हणत. मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा मिनिटांच्या हिशेबाने आहेत, त्यामुळे आपल्या फलाटांवर ‘एकोण’ जितका घुमतो तितका क्वचितच कुठे घुमत असेल.

दुसरीच्या पुस्तकातला ‘एकोण’

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचायची आणखी एक पद्धत आली: सत्तावीस म्हणजे वीस सात. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. लहान मुलांना जोडाक्षरांचे आणि उलटसुलट क्रमाचे शब्द अवघड जातात, ही त्यामागची कळकळ होती. त्यावर राज्यभर वाद झाला, विधिमंडळातही विषय निघाला.

मुलांची अडचण खरी आहे. एकोणतीस म्हणायचं तर तोंडात पुढची तिशी येते आणि कागदावर मात्र २ लिहायचा असतो. पण मुलाला एकदा सांगून बघा, “बाळा, एकोण म्हणजे एक कमी. तिसाला एक कमी किती?” आठही आकडे एका वाक्यात सुटतात. जो शब्द पाठ करताना जड जातो, तो उकलून दाखवला की खेळ होतो.

व्हॅनिटी व्हॅन, व्हेकेशन आणि वेस्ट

घोडबंदर रोडला मालिकांचं शूटिंग चालतं. बाहेर व्हॅनिटी व्हॅन उभ्या असतात. ‘व्हॅनिटी’ आली लॅटिन ‘वानुस’पासून, म्हणजे रिकामा, पोकळ. हा ‘वानुस’ही ‘वॉन्ट’ आणि ‘उणे’ यांचाच भाऊबंद. व्हेकेशन, व्हेकन्ट, व्हॅक्यूम ही नावंही बहुतेक व्युत्पत्तिकार याच मुळाशी नेतात. सुट्टी म्हणजे कामापासून रिकामं होणं आणि व्हॅक्यूम म्हणजे हवेपासून रिकामं होणं.

नासाडीसाठीचा ‘वेस्ट’ही याच कुळातला. ‘वेस्ट नॉट, वॉन्ट नॉट’, म्हणजे नासाडी करू नका, वाण पडणार नाही, ही इंग्रजी म्हण म्हणजे दोन सख्ख्या नातलगांची एका ओळीत पडलेली गाठ.

कोर्टात जुना अर्थ जिवंत

‘वॉन्ट’चा मूळ अर्थ आजही ऐकायचा असेल तर न्यायालयात जा. वकिलांच्या इंग्रजीत ‘फॉर वॉन्ट ऑफ एव्हिडन्स’, ‘फॉर वॉन्ट ऑफ टाइम’ हे रोजचे शब्द. इथे पुराव्याची इच्छा नाही, पुरावा नाही. फिर्यादी पक्ष फिरकलाच नाही आणि प्रकरण त्या कारणाने निकाली निघालं, तर तिथेही ‘फॉर वॉन्ट ऑफ’च येतं.

मराठीत आपण हेच एका शब्दात सांगतो: पुराव्याअभावी, वेळेअभावी. तीन इंग्रजी शब्दांचं काम एका ‘अभावी’ने होतं.

तेविसाव्या स्तोत्रात भेटलेल्या बहिणी

बायबलच्या १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तेविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच ‘वॉन्ट’ येतो. आजचा इंग्रजी वाचक तिथे अडखळतो. ‘मला काही नको’ असं भक्त का म्हणतोय, असं त्याला वाटतं. खरा अर्थ आहे, मला कशाची कमतरता पडणार नाही.

मराठी पवित्र शास्त्रात त्याच जागी शब्द आहे ‘उणे’! हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन बहिणी एका ओळीच्या दोन भाषांतरांत समोरासमोर आल्या. मराठी वाचकाला तिथे अडखळावं लागत नाही, कारण आपल्या ‘उणे’ने अर्थ बदललेला नाही.

चार स्वातंत्र्यं, पाच राक्षस

६ जानेवारी १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यं सांगितली. त्यांतलं एक होतं ‘वॉन्ट’पासून मुक्ती. इच्छांपासून मुक्ती तर बुद्धांनी कितीतरी आधी सांगितली होती. रूझवेल्टना म्हणायचं होतं, कोणाच्याही घरात अन्नवस्त्राची ददात नसावी. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या प्रास्ताविकातही हाच ‘वॉन्ट’ आहे.

१९४२ साली ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांनी समाजाच्या वाटेतले पाच राक्षस सांगितले: वॉन्ट, रोगराई, अज्ञान, बकाली आणि बेकारी. कल्याणकारी राज्याची कल्पना तिथे आकाराला आली. हे बेव्हरिज जन्माने आपल्याच उपखंडातले. १८७९ साली ते आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरला जन्मले.

‘पाहिजेत’ची पाटी

डोंबिवली एमआयडीसीत फेरी मारा. कारखान्याच्या फाटकावर खडूने लिहिलेलं दिसतं: पाहिजेत – फिटर, वेल्डर, हेल्पर. इंग्रजी वर्तमानपत्रांत याच जागी ‘वॉन्टेड’ असतं.

‘पाहिजे’चा प्रवास ‘वॉन्ट’पेक्षाही लांबचा. मूळ क्रियापद ‘पाहणे’. जुन्या मराठीत ‘-इजे’ लावून कर्मणी रूप व्हायचं: कीजे म्हणजे केले जाते, बोलिजे म्हणजे बोलले जाते. तसं पाहिजे म्हणजे पाहिले जाते, शोधले जाते. ज्याला आपण शोधतो ते आपल्याला हवं असतं, म्हणून ‘पाहिजे’ला ‘हवे’चा अर्थ आला. आपला लाडका ‘म्हणजे’सुद्धा असाच ‘म्हणिजे’पासून घडला. इंग्रजीला ‘हवं’ सापडलं ते ‘नाही’त, आणि मराठीला ते सापडलं डोळ्यांच्या शोधात.

गरज आणि नीड

‘गरज’ आली अरबीतून, फारसीच्या वाटेने. मूळ अर्थ लक्ष्य, हेतू, उद्देश. मराठीत आल्यावर तिचा अर्थ झाला निकड, आणि तिला ‘गरजू’, ‘गरजवंत’ अशी मुलंबाळंही झाली. इंग्रजी ‘नीड’ची गोष्ट अधिक कठोर. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बळजबरी, सक्ती असाही होता. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही आपली म्हण त्या जुन्या ‘नीड’ला नेमकी लागू पडते, कारण गरज माणसाकडून करून घेते.

शॉर्टेज, शर्ट आणि स्कर्ट

किराणावाला म्हणतो, “ताई, एक रुपया शॉर्ट आहे.” शॉर्ट, शर्ट आणि स्कर्ट या तिघांचं मूळ एक, ‘कापणे’. कापलेलं कापड म्हणजे शर्ट आणि कापून आखूड झालेलं म्हणजे शॉर्ट. स्कर्ट हा शब्दही ‘वॉन्ट’प्रमाणे नॉर्स लोकांकडूनच इंग्रजीत आला. ‘शॉर्टेज’ मात्र तरुण आहे, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तयार झालेला. आपल्या सोसायट्यांचा सर्वांत लाडका शब्द या लेखातल्या बहुतेक शब्दांच्या पतवंडांपेक्षाही लहान आहे.

जिथे गळती तिथे लॅक

इंग्रजीत कमतरतेला ‘लॅक’ म्हणतात. त्याचं मूळ शोधताना अभ्यासक ‘लीक’पाशी पोहोचतात, म्हणजे ठिबकणे, गळणे. गळत राहिलं की कमी पडणारच. फुटलेल्या जलवाहिनीशेजारी रिकामा हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला ही व्युत्पत्ती कोणी शिकवायला नको. आपणही ‘गळती’ हा शब्द पाण्यापुरता ठेवलेला नाही. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते, त्यालाही आपण ‘गळती’च म्हणतो.

महाग ते दुर्मीळ

‘डिअर’ म्हणजे प्रिय आणि महागही. त्यापासून ‘डर्थ’ झाला, म्हणजे तुटवडा. आधी भाव चढला, मग माल दिसेनासा झाला. आपलं ‘महाग’ आलं संस्कृत ‘महार्घ’पासून, मोठं मोल असलेलं. श्रावणात मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन भाव ऐकला की पुन्हा जागेवर ठेवावी लागते. महाग आणि दुर्मीळ यांच्यात किती थोडं अंतर आहे, ते तिथे कळतं.

डेफिसिट आणि डेफिशियन्सी

अर्थसंकल्पातला ‘डेफिसिट’ हा मुळात नाम नाही, अख्खं लॅटिन क्रियापद आहे: ‘कमी पडते’. मालाच्या यादीत जी वस्तू भरत नसे तिच्यापुढे हा शेरा मारत. आपली ‘तूट’ तुटण्यातून आली. ‘तोटा’ आणि ‘त्रुटी’ही त्याच मोडतोडीच्या घरातले.

‘डेफिशियन्सी’ त्या लॅटिन शब्दाचंच भावंड, आणि तिची एक मोठी गोष्ट मुंबईत घडली. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर कामकरी बायकांना तीव्र रक्तक्षय का होतो, हे तिने हाफकिन संस्थेतून तपासायला घेतलं. जंतू सापडेनात. मग तिने लक्ष वळवलं ताटाकडे. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त, काळपट, खारट लगदा दिला आणि बायका सुधारल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्यातला अज्ञात घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये त्याला पालकाच्या पानांवरून ‘फोलिक’ हे नाव मिळालं, कारण लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान.

आज ठाणे जिल्ह्यातल्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईच्या हातावर लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी पडते. त्या गोळीमागे मुंबईच्या गिरणीकामगार बायकांचा आजार आणि त्यांचं बरं होणं उभं आहे. ‘डेफिशियन्सी’ हा शब्द ऐकला की त्यांची आठवण व्हायला हवी.

कमतरता, नुकसान, तंगी

‘कमतरता’ हा शब्द म्हणजे आंतरभाषीय विवाह. ‘कम’ आणि ‘तर’ फारसी, ‘ता’ संस्कृत. त्यातही फारसीचा ‘तर’ आणि संस्कृतातला ‘लघुतर’मधला ‘तर’ हे मुळात भाऊच.

‘नुकसान’ अरबीत होतं न्यूनता, मराठीत झालं हानी. ‘तंगी’ फारसी ‘तंग’पासून, म्हणजे अरुंद. तंगी समजून घ्यायची तर सकाळच्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला बसावं. अर्धा माणूस बाकावर, अर्धा वाटेत, एक पाय जमिनीत रोवलेला. “थोडं सरका हो” म्हटल्यावर तिघंही सरकतात. जागा इंचभरच वाढते आणि त्या इंचावर चौथा माणूस घाटकोपरपर्यंत जातो.

कायद्याने पुसलेला शब्द

१९६३ साली महाराष्ट्राने एक कायदाच केला: राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकण्याचा. शेतीची स्थिती सतत पाहिली जाते आणि वेळीच मदत पोहोचते, तेव्हा दुष्काळाला आता वावच नाही, असं त्यामागचं म्हणणं. जागा घेतली ‘स्कॅर्सिटी’ने, म्हणजे टंचाईने. पुढे नऊच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला आणि लोकांनी त्याला दुष्काळच म्हटलं. कागदावरचा शब्द बदलता येतो, तोंडातला नाही.

आजही जिल्ह्याजिल्ह्यांत ‘टंचाई आराखडा’ तयार होतो. ठाणे जिल्ह्यात तर हा शब्द जास्तच बोचतो. शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, भातसा धरण आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तिथे रोज डोक्यावरच्या हंड्यातून चालते.

अभावाचे चार प्रकार आणि पत्री पूल

आपल्या न्याय-वैशेषिक शास्त्रकारांनी ‘नसणं’ हाही एक पदार्थ मानला, सातवा. त्याचे प्रकार चार, आणि कल्याणकरांना ते घरबसल्या समजतील.

कल्याणचा इंग्रजांच्या काळातला पत्री पूल २०१८ साली पाडला. पाडल्यानंतरचा जो अभाव, तो प्रध्वंसाभाव. नवा पूल २०२१ मध्ये सुरू झाला. तो होण्याआधीचं त्याचं नसणं म्हणजे प्रागभाव. मधली दोन वर्षं कल्याणकरांनी दोन्ही अभाव एकाच कोंडीत उभं राहून सोसले. तिसरा अत्यंताभाव, जे कधीच नव्हतं आणि नसेल ते, जसा हवेत रंग नसतो. चौथा अन्योन्याभाव, एक वस्तू दुसरी नसणं. महापालिका एक असली तरी डोंबिवली म्हणजे कल्याण नव्हे!

‘फुटली’ नाही, ‘वाढली’

माझ्या आजीच्या हातातली काचेची बांगडी एकदा उंबऱ्यावर आपटून फुटली. मी ओरडलो, “आजी, बांगडी फुटली!” तिने काचा पदरात वेचता वेचता मला थांबवलं. “फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं.” नारळही आपण फोडत नाही, वाढवतो. निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जिथे काही कमी होतं, तिथे मराठी घर नेमका ‘वाढण्याचा’ शब्द ठेवतं. कमीपणाला इतक्या हळुवार हाताने उचलणारी रीत मला फार मोलाची वाटते.

तीन वाण

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी लुटतात ते वाण. शेतकरी पेरतो ते बियाण्याचं वाण. आणि ‘घरात कशाची वाण नाही’ यातली वाण म्हणजे उणीव. उच्चार एक, अर्थ तीन: देणं, पेरणं आणि नसणं.

अठराविश्वे म्हणजे किती?

‘अठराविश्वे दारिद्र्य’ची फोड जुनी माणसं अशी करतात: अठरा विसे, म्हणजे अठरा गुणिले वीस, ३६०. ढोबळमानाने वर्षाचे सगळे दिवस. आणि ‘दुर्भिक्ष’ म्हणजे भिक्षा मिळणंही दुर्घट झालेला काळ. एका शब्दात दारिद्र्याची मुदत आहे, दुसऱ्यात त्याची खोली.

कोणत्या कमीला कोणता शब्द?

आता सगळं एकत्र मांडा. पाण्याची टंचाई. मालाचा तुटवडा. पैशाची चणचण. हिशेबात तूट. धंद्यात खोट. चांगल्या माणसांची वानवा. अन्नवस्त्राची ददात. जीवनसत्त्वाची कमतरता. पुराव्याचा अभाव. स्वभावात उणीव. प्रत्येक कमीला मराठीने तिच्या मापाचा शब्द शिवून ठेवला आहे. या सगळ्यांवर एकच ‘शॉर्टेज’ पांघरलं की टँकरची वाट पाहणारं घर आणि सुट्टे नसलेला दुकानदार एकाच रांगेत उभे राहतात. त्या दोघांचं दुःख सारखं नाही, मग शब्द सारखा का असावा?

इंग्रजीच्या ‘वॉन्ट’ने उणीव आणि इच्छा एका पिशवीत भरल्या. मराठीने त्या वेगळ्या ठेवल्या, एकीकडे ‘उणे’ आणि दुसरीकडे ‘पाहिजे’. घरात खरोखर काय उणं आहे आणि आपल्याला नुसतंच काय हवंय, हे ओळखायला मराठी माणसाकडे दोन वेगळे शब्द तयार आहेत. हे मोठं धन आहे आणि ते वापरल्यानेच टिकेल.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप लिहाल, तेव्हा ‘शॉर्टेज’ पुसून तिथे ‘टंचाई’ लिहून पाहा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आपल्यासाठी उभं आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा, मराठी शब्दकोश मागून घ्या आणि ‘उणे’चं पान उघडा. परत येताना फलाटावर ‘एकोण’ ऐकू आलं, तर त्यांना विचारा यात एक कुठे कमी आहे ते. मुलं नक्की सांगतील.